कारखाना गावात, निधी भलतीकडे?

कोरपनाकर: काल येथेच एकाने लिहिले की, नफ्यातले सामाजिक दायित्वाचे (सीएसआर) दोन टक्के कोठे खर्चावेत हा कंपनीचा प्रश्न आहे आणि गावाला रोजगार मिळाला एवढे पुरे. सिमेंट ज्यापासून दळतात त्या एक टन क्लिंकरला सुमारे दीड टन चुनखडी लागते, म्हणूनच सिमेंटचे कारखाने आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-आवारपूरला आले, मरीन ड्राइव्हला नव्हे. ज्या जमिनीमुळे कंपनीला मोल आले, तिचे देणे मुंबईच्या पत्त्यावर कसे फिटेल? कंपनी कायद्याचे कलम १३५ देखील स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायला सांगते.

नागपूरकर: लिहिणारा मीच. प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानेच २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय २०१५ पासून स्वामित्वधनावर (खनिजाच्या रॉयल्टीवर) जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीचा, वेगळा वाटा मिळतो; त्याचा हिशेब आधी मागा. कंपनीकडून मिळालेली पाणी शुद्ध करायची यंत्रे तरी गावांनी कुठे सांभाळली?

माजी सदस्या, ग्रामपंचायत: यंत्राचे नाव काढलेत म्हणून लिहिते. आमच्या गावात फीत कापली गेली, कोनशिला बसली आणि नवव्या महिन्यात पाणी गाळणारे मेम्ब्रेन चोंदले. कंपनी म्हणते, यंत्र हस्तांतरित झाले. ग्रामसेवक म्हणतात, तरतूद नाही. नाणे टाकायच्या खाचेत आता कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे, आणि बाया पुन्हा पाण्याचे गुंड घेऊन जुन्या विहिरीवर जातात. सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे होते, भाऊ?

नागपूरकर: कागद न वाचता सह्या केल्या असतील, तर दोष कंपनीचा कसा?

निवृत्त गुरुजी: विहिरीवर तुम्ही गेला नाहीत, म्हणून असे लिहिता. माझे शेत कोळशाच्या रस्त्याला लागून आहे. जिनिंगवाल्याने मूठभर कापूस तळहातावर चोळला, काळा पडलेला तळवा मला दाखवला आणि भाव पाडला. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात, जिथे गुण जास्त म्हणजे प्रदूषण जास्त, चंद्रपूरला ८३.८८ गुण होते. तेवढ्या गुणांत आमचा विद्यार्थी पहिल्या श्रेणीत येत असे.

नागपूरकर: धुळीबाबत माघार घेतो, गुरुजी. मात्र धूळ रोखणे हे कारखान्याचे कायदेशीर बंधन आहे, समाजसेवा नव्हे. रस्त्यावर पाणी मारून त्याचा खर्च दोन टक्क्यांत दाखवू देऊ नका.

कोरपनाकर: म्हणजे गावाचे देणे दोन टक्क्यांहून अधिक निघाले. आपल्या तोंडून हे ऐकून धन्य झालो.

माजी सदस्या, ग्रामपंचायत: सह्यांपैकी एक माझी आहे, हे मान्य करते. हस्तांतरणाची प्रत आज ट्रंकेतून काढली. ‘देखभाल कोणाकडे’ या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे.