पायराइट फोडतं कोण, जिवाणू की फेरिक?

सातपूरचा रसायनवाला: काल इथे पोस्ट फिरली, ‘खाणीतले जिवाणू पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) चिकटून गंधक थेट ओरपतात. तेच बागेत सोडा, मातीतली चुनखडी संपली.’ डोकं फिरलं वाचून. अहो, पायराइट फोडतं ते फेरिक लोह, म्हणजे तीन धन प्रभारांचा लोहाचा आयन; एक इलेक्ट्रॉन घेतला की त्याचं दोन प्रभारांचं फेरस होतं. पायराइटच्या एका एककामागे (FeS2) 14 फेरिक आयन खर्ची पडतात, त्यातून 15 फेरस, 2 सल्फेट आणि 16 हायड्रोजन आयन सुटतात. खाणीतलं आम्ल ते हेच. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा खाणीतला जिवाणू फेरसचं पुन्हा फेरिक करतो आणि त्यावर जगतो. आम्लात नुसत्या हवेने हे काम रखडतं; जिवाणू आले की वेग दहा लाख पटींच्या वर जातो, हे सिंगर आणि स्टम या शास्त्रज्ञांनी 1970 मध्येच दाखवलंय.

गंगापूर रोड: म्हणजे जिवाणू काढले की सगळं थंड. मग फोडलं कोणी? ते खडकाला चिकटतात, भोवतीच्या चिकट थरात फेरिक धरून ठेवतात, ते सोयीस्कर गाळलंत.

रसायनवाला: थराचं मान्य. घाव तिथेही फेरिकचाच. जस्ताचं सल्फाइड नुसत्या आम्लातही विरघळतं, पायराइट नाही; म्हणून त्याला फेरिक लागतं.

निफाडची बाग: तुमचं फेरिक राहू द्या. दुकानदाराने गंधक आणि जिवाणूंची बाटली गळ्यात मारली. छाटणीनंतर ड्रीपने सोडली, लोह न मिळाल्याने पिवळे पडलेले शेंडे पिवळे ते पिवळेच. नुसती लूट चाललीय!

रसायनवाला: दादा, फेरोऑक्सिडन्सला सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 च्या आसपास लागतो, तुमच्या मातीचा 8. तिथे गंधकाचं आम्ल करणारे जिवाणू वेगळे.

पिंपळगाव: शेतकऱ्याला शिकवू नका! आमच्या बागेत गंधकाने फरक पडला, डोळ्यांनी पाहिलाय.

रसायनवाला: आवाज कशाला चढवता, हिशोब करा. एकरात वरच्या अर्ध्या फुटात 8 लाख किलोच्या वर माती. चुनखडी 5 टक्के धरली तर 40 टन. 1 किलो गंधकाचं आम्ल जेमतेम 3 किलो चुनखडी मारतं. टाकणार 13 टन?

पिंपळगाव: सगळ्या रानात कोण फेकतंय? शेणखतात मिसळून मुळांजवळ पट्ट्यात दिलं.

रसायनवाला: पट्ट्यात असेल तर पटतं. तेवढ्या जागेत सामू उतरतो, लोह मुळांना मिळतं. पण त्याने रानातली चुनखडी संपत नाही.

निफाडची बाग: आमच्या ढेकळावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले की फसफसून फेस येतो, म्हणजे चुनखडी आहेच. बाटली विकणाऱ्याने माती कशी आहे, एवढंसुद्धा विचारलं नाही.