मदत हवी आहे: हेवी लायसन आहे, पण गाडी कोणी हातात देत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी. वय २३, गाव निफाड तालुक्यात, सध्या पंचवटीत मावशीकडे राहतो. हेवीचा क्लास केला, पेठ रोडच्या आरटीओत टेस्ट दिली, पहिल्याच फटक्यात पास झालो. लायसन पोस्टानं आलं त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. त्याला चार महिने झाले, कार्ड पाकिटातून फक्त दाखवायला बाहेर निघतं.

"जरा फिर" असं कोणी सांगू नका म्हणून आधीच सांगतो. आडगावच्या ट्रक टर्मिनलला तर इतक्यांदा गेलोय की चहावाला विचारत नाही, कप पुढं करतो. द्वारका, अंबड, सातपूर झालं. एक दिवस सिन्नरला मुसळगावपर्यंत जाऊन आलो. सगळीकडे प्रश्न दोनच. कोणत्या लाईनला होता? कोणाच्या गाडीवर होता? एका शेठनं बसवून नीट विचारलं, "भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरलायस का?" नाही म्हटलं. "मग माझ्या हप्त्याच्या गाडीवर शिकणार का?" राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. त्याचं काय चुकलं?

क्लासचं खरं सांगतो. नियमात हेवीसाठी किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवायचे १५ तास आहेत. आम्ही एका ट्रकवर सात जण. माझ्या वाट्याला दिवसाला दहा-बारा मिनिटं, त्यातही मखमलाबाद नाक्याला ट्रॅफिक लागलं की गेली. सगळे दिवस धरले तरी सहा तासांच्या वर जात नाही. तेही रिकाम्या गाडीवर. मैदानात दोन ड्रम ठेवून रिव्हर्स शिकवला, ताडपत्रीला हात लावायची वेळ आली नाही. फॉर्म ५ वर, म्हणजे क्लासच्या सर्टिफिकेटवर, मात्र ट्रेनिंग पूर्ण. हजेरीच्या रजिस्टरवर मीही रोज मुकाट्यानं सही केली, त्यामुळे कोणाला बोलायला तोंड नाही.

आता दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक चौदा टायरीवाले काका, स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, इंदूर लाईन. क्लीनर म्हणून ये, खुराकी आणि वर थोडे पैसे, सहा महिन्यांनी स्टेअरिंगचं बघू. वडील म्हणतात, हेवीला एवढे पैसे घातले ते क्लीनरकी करायला का? दुसरा मालक उद्यापासून दहा टायरी द्यायला तयार आहे, पण ओरिजिनल लायसन आणि सही केलेला कोरा चेक त्याच्याकडे ठेवायचा, पगार तीन महिन्यांनी. आतेभाऊ म्हणतो घेऊन टाक, अनुभव तरी लागेल.

शिवाय तिघा-चौघांनी सांगितलं की नव्या पोरानं गाडी ठोकली तर इन्शुरन्स क्लेमच देत नाही. हे खरं आहे का?

आणि हो, "आधी पिकअप चालव" असं सांगू नका. माझ्या काकांची पिकअप दोन वर्षं चालवलीय. सीझनला टोमॅटो पिंपळगावला, एरवी रात्री कोथिंबीर-मेथी वाशीला. पण तेव्हा लायसनवर बॅज (धंद्याची गाडी चालवायची वेगळी नोंद) नव्हता, म्हणून ते कुठं बोलत नाही.

प्रतिसाद १

बाळा, २६ वर्षं गाडी चालवली, आता गुडघ्यांमुळे घरी आहे. कोऱ्या चेकवाल्याकडे पाऊल टाकू नकोस. टायर फुटला तुझ्या नावावर, माल भिजला तुझ्या नावावर, आणि सोडून जातो म्हणालास की चेक बँकेत. लायसन आपल्या खिशात ठेवायचं, ते कोणाकडे गहाण टाकायची वस्तू नाही.

क्लीनरकीची लाज वडिलांना वाटत असेल, तू वाटून घेऊ नकोस. मी दोन वर्षं केली. पण "बघू" वर जाऊ नको. आधी बोलून घे की परतीच्या रिकाम्या गाडीला सपाट रोडवर स्टेअरिंग माझ्याकडे. हो म्हणाले तरच बस. बसलास की पाय बघ, हात नाही. घाटाला उतार लागायच्या आधीच उस्ताद गिअर टाकून घेतो, उतारावर नाही. ज्या गिअरला गाडी चढेल त्याच गिअरला उतरवायची. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) कधी लावतो, ब्रेकच्या हवेचा काटा किती वेळा बघतो, तेही बघ. सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेकचे लायनर तापतात, मग पाय शेवटपर्यंत जातो आणि गाडी ऐकत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारा भेटला तर पुढच्या ढाब्याला उतरून एसटीनं घरी ये.

प्रतिसाद २

भाऊ, मी ट्रान्सपोर्ट ऑफिसला बिल्टी (मालाची पावती) आणि क्लेमचं काम बघतो. इन्शुरन्सचं ऐकलंस ते खोटं आहे. पॉलिसीत ड्रायव्हरबद्दल कलम असतं, त्यात त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन पाहिजे एवढंच. किती वर्षं चालवली हे त्यात कोणी विचारत नाही. मालकाला भीती क्लच प्लेटची आणि हप्त्याची असते, ती सांगायला बरी वाटत नाही म्हणून इन्शुरन्सचं नाव पुढं करतात.

आणि पिकअपचं लपवतोस कशाला? एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, वेगळी नोंद लागत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तेच कायम केलं. ते वजन गाडी आणि माल मिळून, आणि पिकअप त्याच्या निम्म्यातसुद्धा येत नाही. दोन वर्षं रात्रीचा कसारा उतरलास आणि शेठनं विचारल्यावर नाही म्हणालास? धन्य आहे तुझी.

प्रतिसाद ३

ड्रायव्हर मिळत नाही म्हणून रडणारे हेच आणि नव्या पोराला दारातून हाकलणारे पण हेच. चालू द्या.

धागाकर्ता

दादा, खरंच माहिती नव्हतं. नाशिकला बॅजशिवाय पकडलं तर काय होईल या भीतीनं दोन वर्षं पोलीस दिसला की पोटात गोळा यायचा. पण शेठनं भरलेल्या ट्रकचं विचारलं होतं, पिकअपचं नाही, म्हणून नाही म्हणालो. काकांकडून लिहून आणलं तर चालेल का? घरातलाच माणूस, कोण विश्वास ठेवणार?

प्रतिसाद २

नुसतं "चांगला मुलगा आहे" असं लिहून आणू नको. गाडीचा नंबर, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कुठून कुठं, काय माल, खाली काकांची सही आणि मोबाइल. सोबत आरसीची झेरॉक्स. वाशीच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) घरात पडल्या असतील, त्यातल्या दहा-बारा जोड. फास्टॅगचं स्टेटमेंट निघालं तर फारच छान, घोटीचा टोल कोणत्या रात्री किती वाजता पडला ते त्यात येतं. आणि थेट दहा टायरी मागू नको. आयशर (छोटा ट्रक) माग. सहा टायरीवर वर्ष काढलंस की "कोणत्या लाईनला होता" याला उत्तर मिळालं.

प्रतिसाद १

बरोबर सांगितलं यांनी. टँकरचं पण कोणी डोक्यात भरवेल, मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोला पैसे चांगले आहेत म्हणून. त्याला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून लायसनवर नोंद घ्यावी लागते. ते नंतर. आधी भरलेल्या गाडीचं वजन पाठीला कळू दे.

धागाकर्ता

आठ दिवसांनी लिहितोय. पट्ट्या आईनं धान्याच्या कोठीमागं जपून ठेवल्या होत्या, तेवीस निघाल्या. काकांनी पत्रावर सही करताना विचारलं, "म्हणजे मी तुला फुकटात राबवलं याचा पुरावा का हा?" कोऱ्या चेकवाल्याला नाही कळवलं. इंदूरवाल्या काकांना फोन करून परतीच्या गाडीचं विचारलं, ते हसले आणि फोन ठेवला.

काल अंबडला एका आयशरवाल्यानं कागद चाळले, फास्टॅगची वेळ बघितली आणि म्हणाला, मागं घे. दोन गाड्यांच्या मधे, उजव्या आरशावर. दोनदा पुढं घ्यावी लागली. सोमवारी रात्री त्यांच्या जुन्या ड्रायव्हरसोबत भिवंडीची ट्रिप आहे, जाताना ते, येताना मी. पगाराचं ट्रिपनंतर बोलू म्हणालेत.

आता एकच अडचण. गाडी उघडी आहे आणि ताडपत्री मीच बांधायची. ती ओढली की आवळते आणि एका झटक्यात सुटते ती गाठ कशी मारतात, कोणी नीट सांगेल का? रविवारपर्यंत शिकायचीय.