नागपूरहून उडायचं तर स्वस्त विमान कंपनी की जुन्या पद्धतीची?

वणीकर: माझं मत, इंडिगोसारखी स्वस्तवालीच. एअरबसच्या ए-३२० विमानात नुसती इकॉनॉमी भरली तर १८०-१८६ खुर्च्या बसतात. एअर इंडियासारखा पुढं बिझनेस क्लास ठेवला की त्याच विमानात १६० च्या आसपास. ताफा बहुतेक एकाच जातीचा, म्हणून सुटे भाग आणि वैमानिकांचं प्रशिक्षणही एकच. उतरलं की अर्ध्या तासात परत वर. दीड तासाच्या मुंबईसाठी जेवणाचे पैसे कायले द्यायचे? दशम्या न्या.

देवळीचा भाऊ: त्या अर्ध्या तासातच मेख आहे, भाऊ. तेच विमान दिवसभर फेऱ्या मारते, मधात सैल वेळ नसते. सकाळी कुठं धुकं पडलं की उशीर साचत साचत संध्याकाळच्या फेरीवर येते.

वणीकर: मंग सकाळचं पहिलं घ्या.

देवळीचा भाऊ: सहाच्या विमानाले यवतमाळहून रात्री एकले निघा लागते. काउंटर तासभर आधी बंद. गाडीभाडं तिकिटात धरा, मंग स्वस्ताई मोजा.

आर्वीवाला: वजनाचं कोणी बोलूनच नाही राह्यलं. इंडिगोत देशांतर्गत चेक-इनचं, म्हणजे काउंटरवर जमा करायचं सामान १५ किलो, तेही एकाच डागात (नगात). बॅग आणि संत्र्याची पेटी वेगळी नेली तर वजनात बसूनही दुसऱ्या डागाचे पैसे. जास्तीचं वजन घरूनच ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडते. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.

गोंदियाकर: खरा फरक पुढच्या विमानात. मुंबईपर्यंत एका कंपनीचं आणि तिथून परदेशाचं दुसरीचं, अशी दोन सुटी तिकिटं असली आणि पहिलं लेट झालं, तर दुसरी कंपनी ‘प्रवासी आलाच नाही’ म्हणून मोकळी. सामानही मुंबईत उतरवून पुन्हा जमा करा. एकाच पीएनआरवर (बुकिंगच्या नंबरावर) असलं तर दुसऱ्या विमानात बसवणं कंपनीवर येते.

वणीकर: तो भेद पुसत चालला. इंडिगोचा कतार एअरवेजशी कोडशेअर आहे, म्हणजे दोघांची विमानं एकाच तिकिटावर जोडता येतात. नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली–मुंबईले इंडिगोच्या स्वतःच्या बिझनेसच्या खुर्च्याही आहेत.

गोंदियाकर: एकत्र काढलं तरच ना! पोरं ॲपवर दोन स्वस्त तिकिटं जोडतात, पीएनआर किती आले ते पाहतच नाहीत. आणि तिकीट बुडालंच तर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क तरी परत मागा. ‘नॉन-रिफंडेबल’ वाचून लोक तेही सोडून देतात.