मुंबईच्या घरात सुतारकाम: तुम्ही कुठे बसता?

दादरकर (धागा माझाच):
गेल्या रविवारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली बसून करवत चालवत होतो. सेक्रेटरी वर आले. "मिस्त्री कोणाकडे लागलाय?" म्हटलं, "मीच मिस्त्री." आता दंड सांगणार म्हणून मी घाईघाईने भुसा गोळा करू लागलो. पण हे गुडघ्यांवर हात टेकून बघत उभे राहिले आणि जाताना हळूच म्हणाले, "आमच्या देवघराचा खण उघडत नाहीये हो. बघाल का?"

सात पिढ्यांत कोणी सुतार नाही, दिवसभर काम स्क्रीनसमोरचं, तरी घरात पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) बाळगून असलेले आपण बरेच असणार. कोकणातल्या घराला पडवी असते, आपल्याला ग्रिल. तर लिहा: कुठे बसता, लाकूड कुठून आणता, काय फसलं. परदेशी गॅरेजवाल्यांचे व्हिडिओ इथे नकोत. त्यांच्या टेबल सॉच्या जागेत आपल्याकडे दोन माणसं झोपतात.

कांजूरमार्ग, तिसरा मजला:
बाल्कनी, 4 बाय 7 फूट. मी सुरुवातच उलटी केली. थेट जिगसॉ (विजेवरची करवत) आणि सँडर (घासायचं मशीन) घेतला, पहिल्याच दिवशी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, कापलं. त्याचा भुसा पिठासारखा उडतो. खालच्या काकूंचे उडदाचे पापड ग्रिलवर वाळत होते. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. ताट घेऊन वर आल्या, आमच्या दारात ठेवलं आणि गेल्या. एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाची राळ असते, त्यामुळे "झटकून घ्या" म्हणायचीही सोय नव्हती. दोन किलो पापड विकत आणून दिले.

मशीन आता माळ्यावर आहेत. जपानी पद्धतीची करवत घेतली. ती ओढताना कापते, म्हणून पातं पातळ चालतं आणि भुसा कमी पडतो. आवाज म्हणाल तर नारळ खवण्याइतका. मास्क मात्र हातकरवतीलाही लावतो. लाकडाच्या धुळीने नाकाचा कॅन्सर होऊ शकतो, हे वाचल्यापासून बायको मास्कशिवाय बाल्कनीचं दार उघडत नाही.

गिरगावकर:
आमची चाळीतली खोली 10 बाय 12. बेंच वगैरे शब्द आमच्याकडे उच्चारायचे नाहीत. मी जमिनीवर बसतो, लाकूड पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने दाबून धरतो. लहानपणी आमच्याकडे दारं दुरुस्त करायला येणारे सुतारमामा असेच बसायचे, तेव्हा गंमत वाटायची. आता कळतं, पाय हा फुकटचा शिकंजा आहे. पाठ मात्र वीस मिनिटांत बोलायला लागते.

लाकूड शेजारच्या गल्लीतलं. तिथली जुनी इमारत पाडली, तेव्हा बर्मा सागाचे वासे कंत्राटदार वजनावर विकत होता. दोन तुकडे उचलले. बाहेरून राखाडी, काळे, चुन्याने माखलेले. रंध्याचा पहिला हात मारला आणि खण्णकन आवाज आला. पात्याला खाच. आत हाताने घडवलेला चौकोनी खिळा, डोकं गंजून कधीच उडालेलं, त्यामुळे वरून काही दिसत नव्हतं. पातं घासून ती खाच काढण्यात एक रविवार गेला. आता जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून आधी सगळ्या लाकडावरून फिरवतो. दोरी वळली की पेन्सिलीने गोल. एका वाशात अकरा गोल निघाले.

पण त्या राखाडी थराखाली तेलकट सोनेरी लाकूड निघालं आणि सागाचा तो चामड्यासारखा वास खोलीभर सुटला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. त्याचा पोळपाट केला. लाटताना थोडा डुगडुगतो. आई म्हणते, सवय होईल.

गोरेगावहून:
मी शाळेत गणित शिकवते, म्हणून आधी हिशोबाचं. रे रोडजवळच्या मुस्तफा बाजारात साग घनफुटावर मिळतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. 6 फूट लांब, 6 इंच रुंद, 2 इंच जाड म्हणजे 72 भागिले 144, अर्धा घनफूट. मी हे वहीत लिहून गेले होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कारागीर हवाय का?" नको म्हटलं. "साहेब कुठायत?" साहेब घरी भाजी निवडतायत म्हटलं. मग त्याने खुर्ची दिली, आणि फळी उजेडात धरून ती वळलीये का, हे एका डोळ्याने कसं बघायचं तेही दाखवलं.

रे रोडहून हार्बरची गोरेगाव गाडी थेट मिळते. लगेजचं तिकीट काढून डब्यात फळी उभी केली. शेजारी रिकाम्या टोपल्या घेऊन दोन कोळीण मावश्या. एकीने फळीवर बोट वाजवून विचारलं, "बाय, काय करतेस याचं?" म्हटलं, गणपतीचा पाट. "मग कड मारून घे, नाहीतर आरतीला साडी अडकंल." पाट झाला, कड मारली. बसायची जागा: बेडरूमच्या खिडकीचा कट्टा, शनिवारी 11 ते 1. दुपारी दोन ते चार आमच्या विंगमध्ये हातोडीला बंदी आहे आणि ती मला मान्य आहे.

चेंबूर:
थोडक्यात, पण वाचाच. लाकडाला जवसाचं तेल लावून झालं की ती फडकी बोळा करून डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडते. माझ्या डब्याला तासाभराने हात लावता येईना, करपट वास येत होता. पाणी ओतलं म्हणून निभावलं. फडकं पसरून सिमेंटवर वाळवायचं.

मुलुंडहून:
मे महिन्यात मुलाच्या टेबलाला खण केला. इतका चपखल, की ढकलला की हवेचा फुस्स आवाज यायचा. चार लोकांना बोलावून दाखवला. जुलैत तो बंद झाला तो झालाच. शाळेची ओळखपत्रं आत. शेवटी मागची प्लाय उचकटली.

माटुंगा:
@मुलुंड, वाईट वाटून घेऊ नका. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला मात्र पावसाळ्यात फुगतं आणि थंडीत आक्रसतं. वडील रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये होते, लाकडी डबे त्यांच्या हाताखालून गेलेले. चौकटीतली फळी ते कधीच फेविकॉलने चिकटवू द्यायचे नाहीत. खाचेत सैल सोडायची. "तिला श्वास घेऊ दे," म्हणायचे. मी विज्ञानाचा पदवीधर, मी हसलो आणि दिवाणाची फळी चारही बाजूंनी चिकटवली. डिसेंबरात रात्री फटाक्यासारखा आवाज झाला. दिवाण अजून आहे, भेगही आहे, त्यात पोस्टकार्ड मावतं.

घाटकोपर (नवीन):
अजून काहीच केलेलं नाही. नागदेवी स्ट्रीटला जाऊन अवजारं बघून परत आलो, काय घ्यावं कळेना. जागा: वॉशिंग मशीनचं झाकण.

गिरगावकर:
@घाटकोपर, अर्ध्या इंचाची एक पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, करवत, दोन क्लॅम्प आणि धारेचा दगड. दगड विसरलात तर बाकीचं सगळं वाया. नवी पटाशी दुकानातून बोथटच येते. दंडावरचे केस निघाले की धार लागली. मशीनच्या झाकणावर ठोकू मात्र नका, ते प्लास्टिक आहे. त्यापेक्षा रविवारी आमच्या गॅलरीत या, माझ्याकडे दोन पटाशा आहेत. जमिनीवर बसता येतं ना?

घाटकोपर (नवीन):
येतं. उठता येईल का माहीत नाही.

दादरकर:
सेक्रेटरींच्या खणाचं सांगायचं राहिलं. पाहून आलो. सागाचा, चांगला जुना, पावसाने फुगलाय. रंधा सोबत नेला होता, पण माटुंगावाल्यांचं वाचून पिशवीतून काढलाच नाही. आत्ता तासला तर थंडीत खुळखुळेल. हलवत हलवत बाहेर काढला, कडांना मेणबत्ती घासली आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत पूर्ण आत ढकलू नका. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही काही केलंच नाही." म्हटलं, हो. "मग मिस्त्री बरा होता. तो निदान काहीतरी कापून गेला असता."

गच्चीची किल्ली मात्र अजून माझ्याकडेच आहे.