तापकीर गल्लीतून राऊटरसाठी मिनी यूपीएस: काय तपासायचं? आणि मिसळ कुठे?

गुरुवारचा_अंधार
येत्या शनिवारी आम्ही चौघं मित्र पुण्यात तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार आहोत. वायफायसाठी मिनी यूपीएस (वीज गेली की राऊटर चालवणारा छोटा बॅटरीचा डबा) घ्यायचाय. घरी फायबरचा डबा (ओएनटी) १२ व्होल्ट १ अँपियरचा आहे, राऊटर वेगळा, ९ व्होल्ट ०.६ अँपियर. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की चार तासांची निश्चिंती, तेवढा वेळ नेट चालायला हवं. '८८०० एमएएच, ८ तास बॅकअप' लिहिलेले हजार-दीड हजारात दिसतात. खरंच टिकतात का? जेवणाऐवजी मिसळच खायची आहे, पण दोघांना तिखट सोसत नाही.

सोल्डर_आणि_झारा
एमएएच (सेलच्या क्षमतेचा छापील आकडा) विसरा, वॉट-अवर काढा, म्हणजे किती वॉट किती तास पुरतील ते. आतले सेल ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे ८.८ गुणिले ३.७, साधारण ३२ वॉट-अवर. ते १२ व्होल्टपर्यंत चढवताना पंधरा टक्के तरी उष्णतेत जातात. हातात उरतात २७. अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले अँपियर ही कमाल मर्यादा असते, प्रत्यक्षात तुमचा ओएनटी ६ वॉटच्या आसपास आणि राऊटर ४ वॉट खाईल. २७ भागिले १०, म्हणजे अडीच-पावणेतीन तास. ८ तासांचा हिशोब फार तर तीन-साडेतीन वॉटच्या एखाद्याच यंत्रावर जमतो.

चार तास हवे असतील तर दोन वेगळे घ्या. ओएनटीला ८८०० वाला एकटा दिला की साडेचार तास जातो. राऊटरला ९ व्होल्टचं आउटपुट असलेला दुसरा घ्या, तो थोडा लहान असला तरी भागेल. सेल जुने झाले की वेळ घटते, म्हणून काठावरचं गणित करू नका.

वजन जरूर बघा. १८६५० जातीचा एक सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून हे नाव) साधारण ४५ ग्रॅमचा असतो. ८८०० म्हणजे २२०० चे चार सेल, नुसते सेलच १८० ग्रॅम. डबा, सर्किट धरून अडीचशेच्या बराच खाली गेला तर आत बहुधा चार सेल नाहीत. आणि एकाच सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं तर हसून पुढच्या दुकानात जा. या आकारात ३५०० च्या आसपास मजल संपते.

काउंटरपलीकडून
वरच्या हिशोबाशी सहमत. पण निम्म्या तक्रारी बॅटरीच्या नसतातच, पिनेच्या असतात. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर, आतलं भोक मात्र २.१ किंवा २.५. २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटात शिरतच नाही, ते बरं. उलट केलं तर शिरते पण सैल बसते, आणि वायरीला धक्का लागला की राऊटर रिस्टार्ट होतो. लोक मग यूपीएसला शिव्या घालतात.

म्हणून ओएनटी, राऊटर आणि दोन्ही अ‍ॅडॅप्टर पिशवीत घालून न्या. दुकानात एक्स्टेन्शन बोर्ड असतोच. सगळं जोडा, राऊटरचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग मेनचा प्लग पाच-सहा वेळा काढा-घाला. एकदा जरी सगळे दिवे विझून पुन्हा लागले तर तो नग नको. मेनवरून बॅटरीवर बदली होताना व्होल्टेज क्षणभर पडतं, हा स्वस्त सर्किटांचा ठरलेला दोष.

पीओई (लॅन वायरीतूनच वीज देणारं) लिहिलेल्या सॉकेटात साध्या राऊटरची लॅन वायर घालू नका, पोर्ट जळू शकतो. बॅटरीवर आयएस १६०४६ (बॅटरीच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) आणि 'आर-' पुढे आठ आकडी क्रमांक हवा. '१८ टक्के जीएसटी वाचवतो, बिल नको' म्हणाले तर वॉरंटीही गेली असं समजा. बिलावर नगाचा सीरियल नंबर लिहून घ्या.

पेठांतला_पायी
गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यात अर्धा तास जाईल. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा. वनाझकडून येत असाल तर जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला गाडी बदला.

मिसळीसाठी नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातलं बेडेकर. रस्सा गोडसर, तिखटाचं प्रमाण सांगता येतं, त्यामुळे तुमच्या त्या दोघांची सोय होईल. पावाऐवजी स्लाइस मिळते, त्यावरून वाद घालू नका. सँपल (मिसळीवरचा रस्सा) दुसऱ्यांदा मागवायचं असेल तर स्लाइस जपून खा. झणझणीतच हवी असेल तर तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन. वर गार काही हवं असेल तर सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानी. ग्लासात घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, मिसळीनंतर दोघांत एक पुरते.

क्रम मात्र आधी मिसळ, मग खरेदी असा ठेवा. शनिवारी दुपारी बेडेकरला रांग वाढते, आणि पिशवीतलं सामान सांभाळत बाकावर दाटीने बसणं नकोसं होतं.

गुरुवारचा_अंधार
दोन यूपीएस घेऊ मग. एकच विचारतो, दोन्हींच्या वायरी सारख्याच दिसतील ना?

सोल्डर_आणि_झारा
दिसतील, आणि तिथेच घात होतो. १२ ची पिन ९ व्होल्टच्या राऊटरमध्ये आरामात बसते. कधी तापून निभावतो, कधी लगेच जातो. दुकानातच ९ वाल्या वायरीला लाल चिकटपट्टी गुंडाळा. अ‍ॅडॅप्टरवरच्या चिन्हात मधल्या ठिपक्याकडे अधिक आहे ना, तेही पाहा, उलटं असेल तर यूपीएसची वायर चालणार नाही. यूपीएस मूळ अ‍ॅडॅप्टरवरच चार्ज होणारा असेल तर ओएनटीसाठी १२ व्होल्ट २ अँपियरचा अ‍ॅडॅप्टर लगेच घ्या. १ अँपियरमध्ये चालवणं आणि चार्जिंग दोन्ही करायला गेलात तर बॅटरी रेंगाळत भरते.

आणि कुणी दुचाकी आणलीच, तर यूपीएस उन्हातल्या डिकीत टाकून मस्तानी खायला जाऊ नका. लिथियमच्या सेलना ती भट्टी मानवत नाही.