आठ वर्षांच्या मुलीसाठी प्राणी, शाळा, मैत्री यावरची मराठी पुस्तकं सुचवा प्लीज (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याला राहतो. लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे हिंदी आणि गुजरातीपण शिकवतात, खाली सोसायटीत सगळी पोरं गुजराती बोलतात, त्यामुळे मराठी फक्त घरात. बोलते अगदी छान, आजीशी तर फोनवर तासन् तास गप्पा चालतात. पण वाचायची वेळ आली की हात इंग्रजी पुस्तकाकडेच जातो, कारण ते भराभर वाचून होतं. मराठी वाचायची गोडी लागावी असं मनापासून वाटतं आणि त्यासाठी मागे लागायचं नाहीये, म्हणून तिला जे आवडतं त्यावरचीच पुस्तकं शोधतेय.

आवड म्हणजे सगळ्यात आधी प्राणी. कमाटीबागेत प्राणीसंग्रहालयात गेलो की आम्ही एकेका पिंजऱ्यापाशी अर्धा अर्धा तास. माकडं एकमेकांच्या अंगावरचं वेचून खातात ते काय असतं, खार शेंगा कुठे पुरते आणि पुरलेल्या जागा तिच्या लक्षात कशा राहतात, असे प्रश्न चालू असतात. आता मुलांच्या गोष्टींत प्राणी ढीगभर आहेत पण ते बहुतेक माणसासारखेच वागतात, सिंह राजा, कोल्हा लबाड, गाढव मूर्ख आणि शेवटी तात्पर्य. पंचतंत्र तिने ऐकलंय, आवडलंही, पण मग विचारते की कोल्हा खरंच लबाड असतो का, तो तर पोट भरायला शिकार करतो ना? मला तिच्यासाठी अशा गोष्टी हव्यात ज्यात कुत्रा कुत्र्यासारखा वागेल, मांजर मांजरासारखी, आणि तरी गोष्ट गोष्टच राहील, माहितीपुस्तक होणार नाही.

दुसरं म्हणजे शाळा आणि मैत्री, आणि हे जरा नाजूक आहे. बालवाडीपासूनची तिची मैत्रीण वडिलांची बदली झाली म्हणून या जूनमध्ये दुसऱ्या गावी गेली. दोघी एका बाकावर बसायच्या, डब्यात काय आहे ते आधी एकमेकींना दाखवायच्या, मगच खायच्या. आता डबा बरेचदा अर्धा परत येतो. विचारलं तर भूक नव्हती म्हणते. मी खोदून विचारत नाही, पण गोष्टीतल्या मुलीविषयी ती मोकळेपणाने बोलते हा अनुभव आहे, म्हणून वाटतं की असं एखादं पुस्तक मिळालं तर बरं होईल. फक्त त्यात मैत्रीण गेली आणि चार पानांनी दुसरी मिळाली, सगळं छान झालं, असं नको. आठ वर्षांच्या मुलीलाही ते खोटं आहे हे कळतं.

वाचनाची पातळी सांगते म्हणजे सुचवायला सोपं जाईल. हिंदीमुळे देवनागरी येते, साधे शब्द पटपट वाचते. अडते ती ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘म्हाताऱ्या’ अशा शब्दांपाशी, कारण तो अर्धा र तिने हिंदीच्या पुस्तकात कधी पाहिलेलाच नाही, ही आडवी रेघ कसली म्हणून थांबते. आणि ‘गाईचा चारा’ मधला च ती ‘चार’ मधल्या च सारखा वाचते, मग अर्थच लागत नाही, मी म्हणून दाखवला की लगेच हसते कारण शब्द तिला माहितीच असतो. ळ चा काही त्रास नाही, गुजरातीत आहे. पानावर सात-आठ ओळी, टाइप मोठा, मधेमधे चित्रं, असं असेल तर शेवटपर्यंत जाते. बारीक टाइपात भरलेलं पान दिसलं की मिटून ठेवते.

आणि घोडं इथेच अडतंय. मराठीत अगदी लहानांची चित्रांची पुस्तकं सुंदर आहेत, माधुरी पुरंदऱ्यांची राधा आणि यश आमच्याकडे पानं सुटेपर्यंत वाचून झालेत, चित्रंही त्यांचीच असल्यामुळे घर खरं घर वाटतं, स्वयंपाकघरात पसारा असतो, आजी रागावते. पण ती आता या पुस्तकांच्या पुढे गेलीये. त्यानंतर एकदम फास्टर फेणे. तो मला जीव की प्राण होता, पण तिला स्वतःहून वाचायला अजून दोनेक वर्षं तरी लागतील. या दोन्हींच्या मधलं काय? इंग्रजीत या वयाला छोट्या छोट्या प्रकरणांची पुस्तकं दुकानात रांगेने लावलेली असतात, एक संपलं की त्याच मुलांचं पुढचं. मराठीत असं नक्की असणार, मला इथे बसून सापडत नाहीये. जुन्या शाळेच्या गोष्टी, पाटी आणि छडीवाल्या, मी तिला वाचून दाखवते, तिला मजा वाटते, पण स्वतः वाचताना दर दोन ओळींनी हे काय ते काय होतं.

अजून एक. दुःखी शेवट असला तरी चालेल, पण आधी सांगा प्लीज. ‘पाडस’ माझं फार लाडकं पुस्तक आहे, पण पोराला स्वतः वाढवलेल्या हरणालाच गोळी घालावी लागते तो शेवट मला कॉलेजच्या वयातही झेपला नव्हता, तो आत्ता नको.

मूळ मराठी असो नाहीतर अनुवाद, दोन्ही चालेल. वाचून दाखवायची वेगळी आणि तिने स्वतः वाचायची वेगळी असं सांगितलंत तर फारच मदत होईल.

प्रतिसाद

स्वतः वाचण्यासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटपासून सुरुवात करा. २०१५ पासून आहे, पूर्ण फुकट, मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि पातळीनुसार लावलेल्या असतात. पहिल्या पातळीत अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत पंधराशेपर्यंत, चौथी त्याहून मोठी. तुमच्या वर्णनावरून दुसरीने सुरू करून महिन्याभरात तिसरीवर जाईल. प्राण्यांच्या गोष्टींत खरे प्राणी, खरी जंगलं, शहरातले पक्षी असं बरंच सापडेल. अनुवाद मात्र सगळे सारखे नाहीत, काही वाचकांनीच केलेले असतात, त्यामुळे आधी स्वतः वाचून बघा, वाक्य कानाला खटकलं तर सोडून द्या. तुमच्यासाठी खास गोष्ट म्हणजे एकच कथा बरेचदा गुजराती आणि मराठी दोन्हीत असते. आमच्याकडे बंगळुरात कन्नड-मराठी असा प्रयोग केला, शाळेतल्या भाषेत आधी वाचलं की मराठीत अर्थासाठी अडत नाही, सगळं लक्ष अक्षरांवर राहतं. पीडीएफ उतरवून प्रिंट काढा, स्क्रीनवर नको.

प्रतिसाद

ताई, वाचून दाखवायला तोत्तोचान! चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद आहे, नॅशनल बुक ट्रस्टचा, त्यामुळे किंमतही परवडते. लेखिकेचं स्वतःचं जपानमधलं लहानपण आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, पहिल्याच दिवशी तासन् तास मुलीचं बोलणं ऐकून घेणारे हेडमास्तर, आणि प्रकरणं इतकी छोटी की रोज झोपताना एक सहज होतं. पोलिओ झालेल्या यासुआकी या मित्राला तोत्तोचान झाडावर चढवते ते प्रकरण माझ्या मुलाने परत परत वाचून घेतलं, शिडी कशी आणली, तो वर कसा सरकला, सगळं हाताने करून दाखवायचा. तुम्ही आधी सांगा म्हणालात म्हणून सांगते, पुढे यासुआकीचा मृत्यू होतो, तिचा कुत्रा रॉकी नाहीसा होतो, आणि युद्धात बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. ही प्रकरणं आधी वाचून ठेवा आणि कधी वाचायची ते तुम्ही ठरवा. पण मित्र नाहीसा होणं या पुस्तकात जितकं खरं आलंय तितकं मला मुलांच्या दुसऱ्या पुस्तकात दिसलं नाही, लगेच कोणी नवा आणून बसवलेला नाहीये.

प्रतिसाद

मी प्राथमिक शाळेत शिकवते, तिसरी-चौथीच. पुस्तकांआधी वाचायच्या पद्धतीबद्दल थोडं. ती वाचत असताना प्रत्येक शब्द दुरुस्त करू नका. अडली तर तीन-चार सेकंद थांबा, नाहीच आलं तर शब्द म्हणून द्या आणि पुढे चला. एक पान तुम्ही, एक पान ती. तुमच्या पानावर ‘कोपऱ्यात’ आला की त्याखाली बोट फिरवत वाचा, वेगळं शिकवावं लागत नाही, आठ-दहा वेळा डोळ्यांखालून गेला की बसतो. आणि वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलीस’ हा प्रश्न अजिबात नको, माझ्या वर्गात त्या प्रश्नाने वाचनाचा तास मेला होता, आता आम्ही फक्त ‘तुला कुठलं पान आवडलं’ विचारतो आणि मुलं बोलायची थांबत नाहीत.

प्राण्यांसाठी वाचून दाखवायला डॉ. प्रकाश आमट्यांचं ‘रानमित्र’ बघा. मुलांसाठी म्हणून लिहिलेलं नाही पण भाषा सरळ आहे. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि पुढे शिकारीत आई गेलेली पिल्लं तिथे येत गेली, बिबटे, अस्वलं, साप, सगळे. तिथला बिबट्या बिबट्यासारखाच वागतो, लाडही तसेच आणि धाकही तसाच. काही प्राणी मरतात, तो भाग तुम्ही बघून घ्या. तुमची लेक प्रश्न विचारणारी आहे, तिला हे फार आवडेल.

शिवाय ‘किशोर’. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय, जुने अंकही ऑनलाइन फुकट वाचता येतात. एका अंकात गोष्टी, कविता, कोडी असं सगळं असतं, त्यामुळे पूर्ण पुस्तक संपवायचं ओझं येत नाही. सुरुवातीला तिला कोडीच सोडवू दे.

प्रतिसाद

मी बडोदेकरच. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेला नसाल तर जा, सयाजीरावांच्या काळातली, १९१० ची, मराठी पुस्तकांचा साठा आहे. नवी बालपुस्तकं किती मिळतील ते बघावं लागेल पण लेकीला कपाटांमधून फिरू द्या, स्वतः निवडलेलं पुस्तक मुलं जास्त वाचतात. विकत घ्यायचं असेल तर बुकगंगावर बऱ्याच पुस्तकांची आतली काही पानं दिसतात, टाइप केवढा आहे ते मागवायच्या आधी कळतं.

प्रतिसाद

फॉलो करतेय. माझा भाचा अबूधाबीत आहे, अगदी हाच प्रश्न. राजीव तांब्यांचं ‘प्रेमळ भूत’ त्याला आवडलं, संवाद भरपूर आहेत त्यामुळे आवाज काढून वाचता येतं. प्राणी नाहीत पण.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढ्या आपुलकीने लिहिलंत! गुजराती-मराठी जोडीने वाचायची कल्पना माझ्या डोक्यातही आली नव्हती, काल रात्रीच दोन गोष्टी प्रिंट करून ठेवल्या. एक कुत्र्याची आहे, ती तिने आधी गुजरातीत वाचली, मग मराठी पान उघडून कुठला शब्द कुठे गेला ते बोटाने शोधत बसली, मी काहीच बोलले नाही. तोत्तोचान मागवतेय, यासुआकीचं प्रकरण आधी मी वाचेन. शिक्षिका ताई, एक पान मी एक पान ती हे आजपासून सुरू. सेंट्रल लायब्ररीत या रविवारी नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात नक्की.

बडोदेकर, तिथे मुलांना सभासद होता येतं का, की माझ्या नावावर पुस्तकं घ्यावी लागतील? आणि मैत्रीण दुसऱ्या गावी गेल्याची, तिने स्वतः वाचता येईल अशी छोटी गोष्ट कोणाच्या पाहण्यात आली तर धागा जुना झाला तरी लिहा, मी बघत राहीन.