उताराला ठोंबाने वाढणारं शोभेचं गवत: काय लावू?

मुरमाड_सासवड: प्लॉटवर फाटकापासून घरापर्यंत उतार आहे, चाळीसेक फुटांचा. जमीन मुरमाड, पावसात माती वाहून जाते. पाणी टँकरचं, म्हणून लॉन नको. डोलणारं, ठोंबाने वाढणारं गवत सुचवा. बजेट ३००० रुपये, मजुरीसकट.

हिरवाई७२: तांबडं फाउंटन ग्रास, डोळे झाकून. आमचं सगळं काम चाळीस हजारांत झालं. येणारा जाणारा गेटपाशी फोटो काढतो.

मुरमाड_सासवड: ताई, तीन हजार.

बांधकरी: वाळा लावा. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत दहा फूटसुद्धा. उताराला आडवी ओळ धरा, दोन फुटव्यांत १५ सेंमी अंतर. जुना ठोंब फोडून लावला तर खर्च मजुरीचाच. पाऊस नीट सुरू झाल्यावर लावा, पाती वीतभर ठेवून छाटा.

कोथरूडचा_काका: माठात घालतात तोच ना? मग दरवर्षी मुळं काढून विकता येतील!

बांधकरी: काका, मुळं काढली तर माती कोण धरणार?

कोथरूडचा_काका: मग गवती चहा लावा. निदान चहा तरी होईल.

बाल्कनीवाली: मोंडो ग्रास! माझ्याकडे दोन कुंड्या मस्त आहेत.

तणकट: मोंडो गवत नाहीच, शतावरीच्या कुळातलं आहे. त्यात सासवडचं ऊन. आणि फाउंटन ग्रास घ्यायचंच तर तांबडंच घ्या, त्याचं बी सहसा रुजत नाही. साध्या हिरव्याचं बी वाऱ्यावर उडतं; हवाईत त्याचं तण माजलंय.

हिरवाई७२: आम्ही तांबडंच म्हणालो होतो.

नदीकाठ: कास आणा, फुकट मिळतो.

तणकट: आणि जमिनीखालून धुमारे फुटून शेजाऱ्याच्या रानात गेला की भांडणही फुकट.

नवाभिडू: वाळा कसा कुणी सुचवला नाही?

बांधकरी: वर वाचा हो.

मुरमाड_सासवड: सर्वांचे आभार. सौ.ला नर्सरीत पम्पास आवडलं. दोन ठोंब घेतले, अडीच हजार गेले. उताराला तूर्त दगड रचतोय.

बांधकरी: पम्पासची पाती करवतीसारखी कापतात, फाटकाच्या वाटेवर लावू नका. दगडांच्या फटीत वाळा बसतो. जूनमध्ये माझ्याकडचे फुटवे घेऊन जा, पोतं तुमचं आणा.